भिमाजी मामा थांबा म्हणाला होता

माझ्या मामाला एका ओळीच्या मेसेजवर कामावरून काढलं. "उद्यापासून फील्डवर येऊ नये, पुढील सूचना कळवण्यात येईल." बस. साडेसहा वर्षं काम केलेल्या माणसाला नमस्कार नाही, नाव नाही, का ते नाही. मामा दहावी पास आहे, पेपर पहिल्या पानापासून टेंडरच्या जाहिरातींपर्यंत वाचतो, तरी त्याने मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "निकिता, बघ बरं, याचा अर्थ काय होतो."

अर्थ त्याला कळला होता. त्याला तो दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकायचा होता. मी म्हणाले, "अर्थ असा होतो की तुझे आल्हाद सर भित्रे आहेत." मामाला राग आला. माझा. सरांचा नाही. तिथूनच माझं डोकं फिरलंय आणि ते अजून जागेवर आलेलं नाही.

भिमाजी मामा काय करतो असं कोणी विचारलं की आई सांगायची, "तो बिबट्यांचे श्वास मोजतो." समोरचा हसायचा. मग आई पण हसायची. मला ते हसणं कधीच आवडलं नाही, कारण मी त्याला ते काम करताना बघितलंय.

आमच्याकडे ऊस आहे तिथे बिबट्या आहे, ही आता बातमी राहिलेली नाही. नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या वॉचमनच्या मोबाईलमध्ये पण कुठल्या कुठल्या बिबट्याचे चार व्हिडिओ आहेत. तर या बिबट्यांवर संशोधन करणारा एक प्रकल्प आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही, तो आल्हाद सर चालवतात. वनखात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला की परवानगी घेऊन त्याच्या गळ्यात पट्टा घालायचा, पट्ट्यात यंत्र असतं, मग सोडून द्यायचं आणि तो कुठे फिरतो, कुठे झोपतो, माणसाच्या किती जवळ येतो ते बघायचं. चांगलं काम आहे. मी खोटं बोलणार नाही, खरंच चांगलं काम आहे, म्हणून तर मी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथे घेतला होता. पण पट्टा घालायचा तर आधी त्याला बेशुद्ध करावं लागतं, आणि लोकांना वाटतं की ते सिनेमातल्यासारखं असतं. बंदूक, सुई, धप्प, झोपला.

तसं नसतं. सुई लागल्यावर आठ-दहा मिनिटं जातात. त्या वेळात गर्दीने आरडाओरडा केला तर जनावर घाबरतं आणि औषध नीट चढत नाही, मग डोस वाढवायचा मोह होतो. दोन औषधं एकत्र देतात. एकाचं उलटं औषध असतं, ते टोचलं की त्याचा अंमल उतरतो. दुसऱ्याचं नसतं, ते अंगातून जायची वाटच बघावी लागते. बेशुद्ध झाला तरी डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यात मलम घालून वर फडकं बांधायचं. मान सरळ ठेवायची, तोंड खालच्या बाजूला, लाळ बाहेर यावी म्हणून. ताप सारखा बघायचा. आणि सगळ्यात आधी, पोट रिकामं पाहिजे. भरल्या पोटी या औषधांनी उलटी होते, आणि अर्धवट शुद्धीतल्या जनावराला उलटी झाली की ती श्वासनळीत जाते. मग पुढे सांगायला नको.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असं सर म्हणतील. मला मामाने शिकवलं.

मामा मूळचा नांदगावकडचा. आजोबांच्या शेळ्या होत्या, त्यातच तो वाढला. आई सांगते की नऊ वर्षांचा असताना तो शेळीच्या पोटावर हात ठेवून सांगायचा, ही संध्याकाळपर्यंत जाईल, आणि ती जायची, आणि मग आजोबा त्यालाच बडवायचे की अशुभ बोलतो. पुढे तो सातपूरला आला, एका कारखान्यात प्रेस मशीनवर अकरा वर्षं शिफ्ट केल्या. कंपनीने कारखाना दुसरीकडे हलवला तेव्हा तो गाडी चालवायला शिकला आणि या प्रकल्पाच्या जीपवर लागला. ड्रायव्हर म्हणून. फक्त ड्रायव्हर.

पहिल्याच महिन्यात एका नर बिबट्याला पट्टा घालत होते. सगळे पट्ट्याभोवती वाकलेले. मामा जीपला टेकून उभा होता, तिथूनच म्हणाला, "सर, त्याला हवा पुरंना." सरांनी बघितलं तर मान मुडपलेली. सरळ केल्यावर श्वास मोकळा झाला. तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "भिमाजी, तुमच्या डोळ्यात मीटर बसवलाय का?" आणि पुढच्या वेळेपासून मामाला जनावराच्या बरगड्यांपाशी बसवलं. हे मी मुद्दाम लिहितेय. आल्हाद सर पहिल्यापासून वाईट नव्हते. त्यांना दिसलं होतं की या माणसाकडे काय आहे. त्यामुळे तर जास्त संताप येतो.

मामाची पद्धत अशी, की तो बिबटीच्या शेवटच्या बरगडीमागे हात ठेवतो आणि तिच्याबरोबर स्वतः श्वास घेतो. ती घेईल तेव्हा घ्यायचा, ती सोडेल तेव्हा सोडायचा. मी विचारलं, "मामा, मशीन आहे ना, बोटाला लावतात तसं, जिभेला लावायचं?" तर म्हणाला, "मशीन सांगतं तवर उशीर झालेला असतो. मला गुदमरलं की समजायचं, तिला गुदमरतंय." आणि माझ्याकडे बघून, "तू आधी ती नेलपॉलिश काढून ये. शुद्धीवर येताना ती पहिली नाकानं येते. तुझ्या नखाच्या वासानं उठली तर सरांना काय सांगू मी?"

आता त्या दिवसाचं सांगते.

दारणेच्या काठच्या एका गावात, उसाच्या कडेला लावलेल्या पिंजऱ्यात एक मादी सापडली. तीनेक वर्षांची, पंचेचाळीस किलोच्या आसपास. पिंजऱ्यात आमिष म्हणून शेळी असते, पण ती जाळीपलीकडच्या वेगळ्या कप्प्यात, बिबट्याला तिला खाता येत नाही. म्हणजे सापडल्यापासून ती उपाशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भूल द्यायची ठरली. त्या दिवशी वसुबारस होती. मुंबईहून प्रकल्पाला मदत देणारे दोन पाहुणे येणार होते, कॅमेरावाला येणार होता, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवाळी, मग कोणीच येणार नव्हतं.

मामा साडेआठला पिंजऱ्यापाशी गेला आणि पाच मिनिटांत परत आला. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. सर टेबलावर सिरिंज मांडत होते. मामाने त्यांच्यासमोर मूठ उघडली. दोन तांबडी पिसं होती, ओली.

"सर, आज नको. हिनं कोंबडी खाल्लीय."

"कोणाची कोंबडी? कोण देणार? वनखात्याचा गार्ड होता ना इथे."

"गार्ड उजाडताना तोंड धुवायला गेला असंल अर्धा तास. पोट बघा तिचं, काल असं नव्हतं."

"मामा, शेताच्या कडेला पिसं असतातच. वाऱ्याने येतात."

"ओली पिसं वाऱ्यानं नाय येत सर."

सगळे त्याला मामाच म्हणायचे, सरसुद्धा. सरांनी घड्याळ बघितलं. मग मोठ्याने जमलेल्या लोकांना विचारलं, "कोणी पिंजऱ्यात काही टाकलं का? खरं सांगा, नाहीतर केस होईल." असं विचारल्यावर कोण सांगणार आहे? मला एक माणूस दाखवा जो "केस होईल" ऐकून पुढे येतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

पण मला दिसलं की मागे बांधावर एक म्हातारी उभी होती आणि ती मामाकडे बघत होती. तिला आपण लंकाबाई म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. त्र्यंबककडच्या डोंगरातली, उसाच्या कामाला त्या गावात आलेली. मामा चालत तिच्यापाशी गेला, मी पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने मागे गेले. मामाने तिला केस-बिस काही म्हटलं नाही. तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजी, आज तुमची वाघबारस ना?"

आपण नाशिकमध्ये वसुबारसेला गाय-वासराला ओवाळतो. डोंगराकडचे लोक त्याच दिवशी वाघोबाला पुजतात. वाघ काय, बिबट्या काय, त्यांना दोन्ही वाघच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरांना माहीत असायला पाहिजे होतं, बिबट्यावर दोन पेपर आहेत त्यांचे.

लंकाबाई म्हणाली, "दरसाल दगडाला देतो. औंदा देव सोताच दारात येऊन बसला, त्याला उपाशी ठेवायचा का रं?"

"नाय, कसा ठेवायचा. किती दिली?"

"येकच होती. घरची."

"उजाडताना?"

"तांबडं फुटताना."

"बरं केलं," मामा म्हणाला. खरंच असं म्हणाला. मग उठून सरांकडे आला.

"सर, खात्री झाली. पहाटं खाल्लंय. उद्या सकाळी करू. गोणपाट टाकून पिंजरा सावलीत ठेवतो, मी राहतो इथं."

"कोणी दिलं?"

"ते नका विचारू."

"मामा, उद्या पाहुणे नाहीत, परवानगीची तारीख पुढे ढकलायला पुन्हा पत्र. मला कारण लेखी द्यावं लागेल. नाव सांगा, मी थांबतो."

"नाव सांगितलं तर तुम्ही थांबाल, आन् देणाऱ्याला कुठं कुठं जावं लागंल?"

"मग पुरावा काय आहे तुमच्याकडे? दोन पिसं?"

मामाचा आवाज कधी चढत नाही. तेव्हा पण नाही चढला. "सर, कंपनीत साध्या हेल्परनं लाल बटन दाबलं तरी मशीन थांबायचं. मॅनेजर मागून येऊन शिव्या द्यायचा. पण आधी मशीन थांबायचं."

"ही कंपनी नाही."

"तेच म्हणतोय. इथं तर जीव हाय."

पाहुण्यांची गाडी तेवढ्यात आली. सर हसत पुढे गेले. मग वळून मला म्हणाले, "निकिता, फॉर्म भरून ठेव. शेवटचं खाणं, चोवीस तासांपेक्षा जास्त."

आणि मी भरलं. हे मला लिहायलाच पाहिजे. मी सगळं ऐकलं होतं, पिसं बघितली होती, आणि मी चोवीस तासांपेक्षा जास्त असं लिहिलं, कारण सर माझ्या प्रोजेक्टचे मार्क देणार होते आणि त्या वेळी माझा हात आपोआप चालला. नऊ अक्षरं खोडायला किती वेळ लागतो? नाही खोडली.

नऊ वाजून वीस मिनिटांनी सुई मारली. मामा जाळीला डोळा लावून बसला होता. सहाव्या मिनिटाला ती डुलायला लागली, खाली बसली, आणि मग तिच्या पोटातून एक हिसका आला. मामा ओरडला. साडेसहा वर्षांत पहिल्यांदा असेल. "दार उघडा." गार्डने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "थांब, पूर्ण झोपलेली नाही." मामाने स्वतः खिट्टी काढली आणि कमरेपर्यंत आत गेला.

त्याने तिला मानेच्या कातड्याला धरून डोकं खाली ओढलं, डाव्या हाताने जबडा उघडला, जीभ फडक्याने धरून बाहेर काढली आणि उजवा हात घशात घातला. कोंबडीचं मांस, पिसं, हाडं, चिकट पांढरं पाणी. दोनदा काढलं. तिसऱ्यांदा जबडा मिटला. तिने चावलं नाही, जबडा नुसता मिटला, पण सुळा अंगठ्याच्या खालून आत गेला. मामाने हात ओढला नाही. ओढला असता तर फाटला असता असं तो नंतर म्हणाला, पण मला वाटतं तिचं तोंड मिटायला नको म्हणून त्याने तो ठेवला.

मग तो तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागला आणि मला दिसत होतं की त्याचाच श्वास येत नाहीये. मिनिटाला चार. तो बरगड्या दाबत होता, सोडत होता. ऑक्सिजनची नळी सरांनी आणली, हे पण खरं आहे, आणली आणि नीट लावली. हळूहळू सात झाले, मग दहा. हिरड्या निळ्या पडल्या होत्या, त्या गुलाबी व्हायला लागल्या.

मामा म्हणाला, "सर, आता पट्टा नको. तेवढा अंमल उतरायची वाट बघू, उलटं देऊ, उठू द्या तिला."

सर म्हणाले, "पाच मिनिटं, मामा. फक्त पाच मिनिटं."

अकरा मिनिटं लागली. मी फॉर्मवर वेळ लिहीत होते म्हणून मला माहीत आहे. मामाच्या हातातून रक्त गळत होतं, ते त्याने ओल्या टॉवेलने गुंडाळलं आणि तोच हात पुन्हा बरगडीवर ठेवला. सरांनी पट्टा घातला, नट आवळला, कॅमेरावाल्याने फोटो काढले, पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "व्हॉट अ टीम." त्यानंतर उलटं औषध दिलं.

ती जगली. दोन दिवस पिंजऱ्यात अँटिबायोटिकवर ठेवली, खोकली, मग खायला लागली, मग सोडली. मामाला सिव्हिलमध्ये टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं झाली. आणि पाचव्या दिवशी तो मेसेज आला. अहवालात ओळ होती, मी वाचली, तिसऱ्या पानावर. "फील्ड कर्मचाऱ्याने प्राणी उपाशी असल्याची खातरजमा केली नाही, तसेच पिंजऱ्याचे दार विनापरवानगी उघडले." सोबत माझा फॉर्म जोडलेला. माझं अक्षर.

मी मामाकडे गेले, सातपूरला. म्हटलं, "तू सांग ना वरती, लंकाबाईने दिली म्हणून. तू सांगितलं होतंस म्हणून. मी साक्ष देते."

"तिचं नाव घ्यायचं नाय."

"अरे पण तुझी नोकरी."

"निकिता, ती म्हातारी तिच्या देवाला जेवायला घालत होती. तिच्यामागं लागून मी नोकरी वाचवू?"

उज्वला मामी शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "ही नोकरी नको वाचवू, पण दुसरी तरी बघ. दुपारी जरा डोळा लागला की हा उशाशी बसून माझेच श्वास मोजतो. परवा मला उठवून सांगतो, मान वाकडी हाय तुझी."

"होती वाकडी."

"मी काय बिबट्या हाय का?"

मामा हसला. मग दुसऱ्या दिवसापासून तो एका वर्कशॉपच्या गेटवर बसायला लागला, गाड्यांचे नंबर लिहायला. ज्याच्या हाताला जनावराचा जीव कळतो, तो टेम्पोचे नंबर लिहितोय. मी कॉलेजला जाताना एकदा मुद्दाम त्या रस्त्याने गेले. त्याने मला बघितलं आणि मान वळवली. मी पण थांबले नाही.

तीन आठवड्यांनी आमच्याच कॉलेजमध्ये सरांचं व्याख्यान ठेवलं. वन्य मांजरांना सुरक्षित भूल कशी द्यावी, असा विषय. हॉल भरलेला. सर चांगले बोलतात, त्यांना बोलायला आवडतं. स्लाईडवर स्लाईड. गर्दी लांब ठेवा, ताप बघा, डोळे झाका. मग म्हणाले, "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोट रिकामं असल्याची खात्री. शंका असेल तर थांबा. जनावर उद्याही तिथेच असतं." माझ्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. पुढच्या स्लाईडवर तो फोटो होता. बिबटी, नवा पट्टा, सरांचा चेहरा, आणि खालच्या कोपऱ्यात फोटोत मनगटापर्यंतच आलेला एक हात, टॉवेल गुंडाळलेला.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठले. माईक यायची वाट नाही बघितली.

"सर, हा हात कोणाचा आहे?"

"टीमचा," सर हसून म्हणाले.

"टीममध्ये कोणाचा?"

"आमचे एक फील्ड असिस्टंट. सध्या आपल्याबरोबर नाहीत."

"का नाहीत?"

मागून कोणीतरी कुजबुजलं, "बस ना यार, नाश्ता संपेल." मी म्हणाले, "त्यांचं नाव भिमाजी. त्यांनी पिसं दाखवून थांबा म्हटलं होतं, मी तिथे होते. तुम्ही थांबला नाहीत. फॉर्म मी भरला आणि तो खोटा भरला. हे तुम्ही आत्ता जे सांगितलं ना, शंका असेल तर थांबा, ते वाक्य त्यांचं आहे." मग मला रडू आलं आणि त्याचा मला आजपर्यंत राग येतो, कारण रडल्यावर लोक तुमचं ऐकत नाहीत, तुम्हाला पाणी देतात. एका मॅडमनी पाणी दिलं.

व्याख्यान संपल्यावर सरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. थकलेले दिसत होते.

"निकिता, तुला काय वाटतं, मला झोप लागते? ते पाहुणे निघून गेले असते तर अकरा जणांचं काम बंद झालं असतं. मामांचंही."

"मग अहवालात तसं लिहायचं."

"तसं लिहून प्रकल्प चालत नाही." त्यांनी मोबाईल काढला. "मी मामांना परत घेतो. सोमवारपासून. मलाही ते हवे आहेत, त्यांच्यासारखा माणूस नाही. फक्त एक पत्र सही करून पाठवा म्हणावं. म्हणजे तू हॉलमध्ये जे बोललीस ते मिटेल."

पत्र मोबाईलवर आलं तेव्हा मी बस स्टॉपवर होते. चार ओळी टाईप केलेल्या. पिंजऱ्याजवळ मला काहीही संशयास्पद दिसले नाही. मी कोणालाही थांबण्यास सांगितले नाही. झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे. यापुढे काळजी घेईन.

मी ते छापून घेतलं आणि सरळ मामाकडे गेले. मला ते त्याच्यासमोर फाडायचं होतं. पण मामाने माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि "सोमवारपासून" ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मला फाडता आलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो चेहरा परत आला होता.

मामी म्हणाली, "कर सही. कागदच हाय. कागदानं काय होतं?"

मी म्हणाले, "मामी, यात सगळं खोटं आहे."

"तू लिहिलंस तेव्हा नव्हतं का खोटं?"

मी तिच्या शेजारी खाली बसले.

मामाने पेन मागितला. मामीने ग्राहकांची मापं लिहायचा पेन दिला. त्याने कागद पुन्हा वाचला. दुसऱ्या ओळीवर पेनाचं टोक ठेवलं, जिथे लिहिलं होतं की मी कोणालाही थांबण्यास सांगितले नाही. बराच वेळ तिथेच ठेवलं. मला वाटलं आता करतो. आणि खरं सांगू, मला पण वाटलं, करू दे, जाऊ दे, सोमवारी तो जीपमध्ये बसेल.

"मामा?"

"निकिता, समज मी हे दिलं. पुढच्या टायमाला परत पोट भरलेलं असलं, आन् मी म्हणलो सर थांबा. तर?"

"तर काय?"

"सर हाच कागद काढतील. म्हणतील, मामा, तुम्ही मागं पण असंच म्हणाला होता, मग म्हणलोच नाय म्हणून लिहून दिलं. आता कशाला थांबू?" त्याने पेनाला टोपण लावलं. "मग मी तिथं बसून करू काय? मला गुदमरलं तरी सांगायचं कोणाला?"

मामी म्हणाली, "म्हणजे गेटवरच बसणार."

"बसतो."

"टेम्पो मोजत."

"मोजतो."

तिने मशीन जोरात चालवलं. मामाने कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाला, "त्यांना देऊन टाक. आन् उलट बोलू नको."

मी उलट बोलले. माझी खरी माहिती, पिसं, वेळा, अकरा मिनिटं, माझा खोटा फॉर्म, सगळं लिहून प्रकल्पाच्या वरच्या लोकांना पाठवलं, लंकाबाईचं नाव सोडून. "आपला ईमेल मिळाला" एवढं उत्तर आलंय. माझा प्रोजेक्ट मी दुसऱ्या मॅडमकडे बदलून घेतलाय, आता मी गोदावरीतल्या शिंपल्यांवर काम करतेय. मला शिंपले आवडत नाहीत.

काल सकाळी मामाला सरांचा फोन आला. मी तिथेच होते, दिवाळीचा उरलेला फराळ द्यायला गेले होते. आणखी एका गावात बिबट्या सापडलाय, मोठा नर, आणि नव्याने घेतलेल्या मुलाला मागच्या वेळी श्वास मोजता मोजता चक्कर आली. सर म्हणत होते, पत्राचं राहू द्या मामा, फक्त आजचा दिवस या, गाडी पाठवतो.

मामा उभा राहिला होता. एक पाय चपलेत घातला पण होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, "सर, मी थांबा म्हणलो, तर थांबाल ना?"

या वेळी पलीकडून आवाज हळू आला, मला ऐकू नाही आलं. मामाने फोन ठेवला, चपलेतून पाय काढला आणि गेटवर जायच्या वेळेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिला.

मी विचारलं, काय म्हणाले.

"बघू म्हणले."